जुनी स्क्रोल सॉ : घेतली, उघडली, चालवली

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं मशीन. पातं पाच इंच लांब, दोन्ही टोकांना ताणून धरलेलं. ते जागच्या जागी वरखाली होतं आणि लाकूड आपण हातानं फिरवतो. शाळेत हस्तकलेच्या तासाला यू आकाराच्या करवतीनं फ्रेटवर्क केलेलं ज्यांना आठवतं, त्यांना हे काम लगेच कळेल. फरक इतकाच की इथे करवत धरण्यात हात गुंतत नाही, दोन्ही हात लाकडावर राहतात आणि काप कायम टेबलाशी काटकोनात पडतो. निदान पडायला हवा. तो तसा पडावा म्हणूनच पुढचा सगळा खटाटोप.

मला प्लायवूडमध्ये जाळी कापायची होती. नवी मशीनं दुकानात पाहिली. स्वस्तातली चालू केली की टेबल इतकं थरथरतं की पेन्सिलीची रेघ नजरेला धूसर दिसायला लागते. चांगल्यांची किंमत हजार डॉलरच्या पुढे. तेव्हा जुनं, बिडाचं मशीन शोधायचं ठरवलं. मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहतो आणि या बाबतीत ती चांगलीच सोय आहे. इथून सव्वा-दीड तासावर असलेल्या मिलवॉकीत हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ साली डेल्टा कंपनी सुरू केली. घरच्या कारागिराला परवडतील आणि घरच्या वर्कशॉपात मावतील अशी मशीनं हे त्यांचं वैशिष्ट्य होतं. १९४५ मध्ये रॉकवेल कंपनीनं डेल्टा विकत घेतली. या भागात तळघरं उपसली जातात तेव्हा डेल्टाचं काही ना काही अजूनही बाहेर येतं.

जुनी स्क्रोल सॉ घ्यायच्या आधी तिचं पातं कसं हलतं ते समजून घ्यावं, बाकी सगळं नंतर. आजच्या बहुतेक मशीनना दोन भुजा असतात, एक टेबलाच्या वर आणि एक खाली. त्या एकत्र वरखाली होतात आणि पातं त्यांच्यामध्ये अडकवलेलं असतं. त्यामुळे पात्यावरचा ताण सगळा वेळ जवळपास सारखा राहतो. जुन्या पद्धतीत वरची भुजा हलतच नाही. खाली तेलाच्या डब्यात एक क्रँक असतो, तो एका दांड्याला वरखाली करतो आणि पात्याचं खालचं टोक या दांड्याच्या चकमध्ये, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या पकडीत, असतं. वरचं टोक दुसऱ्या दांड्यात, आणि त्या दांड्यामागे स्प्रिंग. म्हणजे पातं खाली ओढतो क्रँक आणि वर ओढते स्प्रिंग. पातं खाली गेलं की स्प्रिंग जास्त ताणली जाते, वर आलं की कमी. प्रत्येक फेरीत ताण बदलतो, म्हणून अगदी केसासारखी पाती या मशीनवर लवकर तुटतात. ज्याला दागिन्यासारखं बारीक काम करायचं आहे त्यानं असं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोन गोष्टी या जुन्या रचनेत फार चांगल्या आहेत. पातं सरळ उभ्या रेषेतच फिरतं, कमानीत झुलत नाही. आणि वरची भुजा हलत नसल्यानं ती हवी तेवढी लांब करता येते. चोवीस इंची सॉ म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत चोवीस इंच मोकळी जागा. चार फुटी फळीच्या मध्यापर्यंत पातं पोचतं. मला मोठ्या कमानी कापायच्या होत्या, म्हणून माझ्यासाठी हाच मुद्दा निर्णायक ठरला.

जाहिरात दिसली ती मिलवॉकीच्या वाटेवरच्या एका गावातली. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवायचे. शाळेनं वर्कशॉप बंद केलं तेव्हा त्यांनी ही सॉ लिलावात घेतली आणि तळघरात आणून ठेवली. आता ते घर सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. पाटीवर डेल्टा आणि रॉकवेल अशी दोन्ही नावं होती, म्हणजे मशीन १९४५ नंतरचं.

मी सोबत टॉर्च, गुण्या आणि नव्या पात्यांचं पाकीट नेलं होतं. आधी प्लग काढून पुली हातानं सावकाश फिरवली. दांडा वरच्या आणि खालच्या टोकाला दिशा बदलतो तिथे ‘टक्’ असा आवाज आला तर आत झीज आहे असं समजावं. तसा आवाज नव्हता. मग खालचा दांडा चिमटीत धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवून पाहिला. अगदी किंचित ढिला, पण पात्याला बाधेल इतका नाही. तेलाच्या डब्याचा बोल्ट सैल करून एक थेंब बोटावर घेतला आणि टॉर्चखाली धरला. काळं, चिकट, पण त्यात चमचम नव्हती. चमचम दिसली असती तर तो धातूचा कीस, आणि मी तिथूनच परतलो असतो. बिडाच्या भुजेवर कुठे तडा नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं, कारण तडा गेलेलं बीड घरी दुरुस्त होत नाही. दोन्ही चक जागेवर होते. जुन्या मशीनचे चक हरवलेले असतात आणि सुटे घ्यायला गेलं तर मशीनच्या निम्मे पैसे तिथेच जातात. लाकूड दाबून धरणारा पाय आणि टेबलाच्या भोकात बसणारी गोल चकती मात्र नव्हती. मोटर गुणगुणत होती, पण हातानं धक्का दिल्याशिवाय फिरत नव्हती. हे दाखवून मी एकशे चाळीस डॉलर म्हटलं आणि ते मान्य झाले.

‘काय कापणार आहेस?’ त्यांनी विचारलं. मी फोनवर गणपतीच्या मखराचे फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून जाळीचे कोपरे पाहिले. ‘पातळ प्लायला दोन नंबरचं, बारीक पातं घे,’ ते म्हणाले, ‘आणि स्प्रिंग ढिली ठेव. मुलं नेहमी स्प्रिंग जास्त ताणायची.’ पुढे या एका वाक्याचा मला मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोग झाला.

मशीन जड असलं तरी सुटं होतं. मोटर, स्टँड, टेबल, भुजा आणि खालचा डबा वेगळे करून गाडीत बसले. घरी आल्यावर प्रत्येक भाग काढताना फोटो काढले आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर भागाचं नाव लिहिलं.

रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीच्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालावं. म्हणून मी कोरडा पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर लावला नाही. जिथे रंग सुटत होता तिथे रंग काढायचं रसायन लावून ओला लगदा खरवडला, मास्क आणि हातमोजे घालून, आणि तो लगदा बांधून घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिला. बाकी रंग चांगला घट्ट होता, तो तसाच ठेवला. लोक जुनं मशीन शोरूमसारखं चकाचक करतात, त्याचा मला मोह नाही. भुजेच्या बाजूला शाळेतल्या कुणा मुलानं खिळ्यानं कोरलेली अक्षरं आहेत, तीही राहू दिली.

स्टँडचे पत्रे मात्र फार गंजलेले होते. ते धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरच्या बारा व्होल्टवर ठेवले. गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाची सळी. इथे स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही सुटतो, त्यामुळे हे काम गॅरेजचं दार उघडं ठेवून केलं. सकाळी गंजाचा काळा चिखल ब्रशनं निघून आला आणि खाली करडा पत्रा दिसला. घासून बसवलेले दांडे, चक आणि बुशिंगचे भाग यात बुडवले नाहीत. ते रॉकेलमध्ये धुऊन पितळी ब्रशनं साफ केले.

मोटर उघडली तर आत भुश्याचा आणि तेलाचा कीट बसलेला. सुरू होताना जोर देणाऱ्या वाइंडिंगचा जो केंद्रोत्सारी स्विच असतो, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, म्हणून मोटर नुसतीच गुणगुणत होती. ते बारीक पेपरनं घासले. बेअरिंगवर ६२०३ हा नंबर होता. सतरा मिलिमीटर भोक, चाळीस बाहेरचा व्यास, बारा जाडी. हा नंबर जगात कुठेही मिळतो, पुण्यात बेअरिंगच्या दुकानात मागितला तरी मिळेल. कापडी वेष्टणाच्या वायरी पूर्ण काढून नवी तीन तारांची वायर आणि अर्थिंग घातलं. पट्टा नवीन, आणि हातानं चालू-बंद करण्याऐवजी पायाचा स्विच. अमेरिकेत साठ हर्ट्झवर ही मोटर मिनिटाला १७२५ फेरे फिरते. पट्टा दोन्हीकडच्या पुलींच्या समान व्यासाच्या पायऱ्यांवर असेल तर पात्याच्याही तेवढ्याच फेऱ्या होतात. पुलीच्या चार पायऱ्यांवर पट्टा बदलून वेग साडेसहाशेच्या आसपास खाली आणता येतो. असं मशीन कुणी भारतात नेणार असेल तर पन्नास हर्ट्झवर चार पोलची मोटर १४४०च्या जवळपास फिरते हे लक्षात ठेवावं. सरळ तिथलीच मोटर घेऊन जोडणं सोपं.

मशीनचा खरा जीव मोटरमध्ये नसतो, तो तेलाच्या डब्यात आणि वरच्या स्प्रिंगमध्ये असतो. डब्याचं झाकण काढलं तेव्हा तळाला काळ्या खव्यासारखा थर होता. तो लाकडी पट्टीनं काढला, रॉकेलनं धुतला, चिंधीनं पुसला. चिंधीचा एक धागाही आत राहू नये म्हणून शेवटी ब्रशनं झाडून घेतलं. क्रँक आणि त्याचा सरकणारा ठोकळा बोटानं तपासला, कडा शाबूत होत्या. गास्केट बाजारात न शोधता जाड गास्केट पेपरातून कापलं. झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीनं आकार काढला आणि भोकं पंचनं पाडली. नंतर डिटर्जंट नसलेलं पातळ तेल खुणेपर्यंत भरलं. डिटर्जंटवालं तेल घाण तरंगत ठेवतं. जिथे फिल्टर नाही तिथे ती तळाला बसलेलीच बरी.

वरच्या दांड्याची नळी भुजेच्या टोकाला एका पकडीत बसते आणि वरखाली सरकते. ती वर सरकवली की ताण वाढतो. नळीच्या आत स्प्रिंग, आणि दांडा हलताना जी हवा दाबली जाते ती एका रबरी नळीतून पात्यासमोर येऊन भुसा उडवते. किती साधी आणि सुंदर योजना! रबर कडक होऊन चिरलं होतं, त्या जागी मत्स्यालयाच्या पंपाची नळी अगदी बरोबर बसली. स्प्रिंगला ग्रीस लावलं नाही, ग्रीसवर भुसा बसतो. दांड्याला तेलाचे दोन थेंब पुरतात.

जोडणी झाल्यावर सगळ्यात जास्त वेळ पातं ओळंब्यात आणण्यात गेला, आणि तो वेळ मी आनंदानं दिला. खालच्या चकमध्ये पातं ज्या जागी धरलंय, बरोबर त्याच रेषेत वरचा चक हवा. नाहीतर पातं वरखाली होताना टेबलाच्या पातळीवर डोलतं, काप रुंद होतो आणि पातं तुटतं. एक रुंद पातं लावून, पुली हातानं फिरवत, गुण्याची कड पात्याला टेकवून ठेवली. वरच्या टोकाला फट आणि खालच्या टोकाला स्पर्श असेल तर भुजेच्या टोकाची वरची पकड किती हलवायची ते कळतं. डावी-उजवी बाजू झाली की समोरून तसंच. भुजा जिथे डब्यावर बसते तिथे एका बोल्टखाली पितळेची पातळ पट्टी घातल्यावर उरलेला फरक गेला.

टेबलाचा काटकोन गुण्यानं दिसतो, पण इतकं बारीक पातं गुण्याला टेकवलं की वाकतं आणि डोळा फसतो. खात्रीची रीत वेगळी आहे. दीड-दोन इंच जाडीच्या लाकडी ठोकळ्याला पुढून एक उथळ खाच पाडायची. मशीन बंद करून ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवायचा आणि तीच खाच पात्याच्या मागच्या कडेवर सरकवायची. पातं न अडकता खाचेत गेलं तर टेबल काटकोनात आहे. वर घासलं आणि खाली सुटलं तर टेबल कुठल्या बाजूला कललंय ते लगेच समजतं. टेबलावरची मूळची खूण शून्य दाखवत होती तेव्हा खाच बसत नव्हती. मी टेबलाच्या मागच्या स्क्रूनं ते जुळवलं आणि खुणेची सुई नव्यानं लावली. गोल चकतीच्या जागी प्लायची चकती कापून बसवली. तिच्यात पात्यापुरतंच भोक ठेवलं, त्यामुळे पातळ प्लायच्या खालच्या कडा फाटत नाहीत. टेबल घासून सिलिकॉन नसलेलं मेण लावलं. सिलिकॉन लाकडाला लागलं की पुढे पॉलिश धरत नाही.

मग स्प्रिंग. शिक्षकांचा सल्ला डोक्यात ठेवून मी नळी सगळ्यात खाली ठेवून सुरुवात केली आणि पातं बोटानं बाजूला ढकलून पाहत एकेक खूण वर नेत गेलो. पातं किंचित दबायला हवं, पण लाकडापुढे पोट काढायला नको. पाच नंबरच्या जाड पात्याला जो ताण लागतो तो दोन नंबरला सोसत नाही, म्हणून नळीवर प्रत्येक नंबरासाठी बारीक रेघ ओढून ठेवली आहे. वेगही सगळ्यात खालचा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर दोन नंबरचं पातंही टिकतं. त्याहून बारीक पाती मी या मशीनला लावत नाही.

आणखी एक सवय हाताला लावावी लागते. पट्टीतून कापून काढलेल्या पात्याच्या एका कडेला किंचित बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहते, त्यामुळे ते सरळ ढकललं तरी उजवीकडे ओढतं. लाकूड थोडं तिरकं धरून भरवलं की काप रेघेवर राहतो. एकदा हाताला कळलं की विचार करावा लागत नाही.

मखराचं काम गणपतीच्या दोन महिने आधी काढलं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, आणि मला वाटतं ते फार चांगलं झालं. आमच्या इथेही घरोघरी थर्माकोलच असायचं आणि अनंत चतुर्दशीनंतर ते कचऱ्यात जायचं. मला असं मखर हवं होतं जे सुटं होऊन एका सपाट खोक्यात जाईल आणि वर्षानुवर्षं निघेल. बायकोनं कमळ आणि वेलीची नक्षी काढली. तीन मिलिमीटरच्या बर्च प्लायचे चार तुकडे एकावर एक ठेवून कडेनं चिकटपट्टी गुंडाळली आणि एकदमच कापले, म्हणजे डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी. वरच्या पृष्ठभागावर पारदर्शक पॅकिंग टेप आणि त्यावर नक्षीचा कागद. टेपमुळे पातं कमी तापतं आणि लाकूड करपत नाही.

जाळीत प्रत्येक छिद्रासाठी आधी दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, वरचा चक सोडायचा, उभ्या पात्यावर लाकूड ओवायचं, दांडा खाली ओढून पातं पुन्हा पकडायचं. मूळचा स्क्रू अॅलन कीचा होता. त्याजागी हातानं पिळायचा स्क्रू बसवला आणि काम निम्म्यानं हलकं झालं. कापताना मधली छिद्रं आधी आणि कडेची नंतर, म्हणजे शेवटपर्यंत फळीत ताकद राहते. कमानी अखंड कापल्या आणि खांबांना खाचा ठेवल्या. डिंक नाही, खिळा नाही, खाचेत खाच बसते. प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी मखर उभं केलं तेव्हा मागून लावलेल्या दिव्याचा उजेड जाळीतून भिंतीवर पडला. आईनं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पुढच्या वर्षी बाकीच्यांनाही करून देशील ना?’ देणार आहे.

आता मित्रमंडळींकडून घराच्या पाट्यांची मागणी आली आहे, आणि देवनागरी अक्षरं कापायला मला मनापासून आवडतं. रोमन अक्षरं एकेक सुटी पडतात, फळीवर जुळवून चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, आख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. अनुस्वाराचं टिंब तेवढं वेगळं चिकटवायचं. पण ग, ण आणि श यांचा डावा भाग नुसत्या शिरोरेषेला लटकलेला असतो, त्यामुळे ती चांगली जाड ठेवावी लागते. आणि लाकडाचे रेषे एकाच दिशेनं जातात. शिरोरेषेच्या बाजूनं रेषे घेतले तर काना रेषांना आडवा येतो आणि बोट लागलं तरी मोडतो. काना सांभाळला तर शिरोरेषा कच्ची राहते. सध्या ‘गणेश कृपा’ अशी पाटी करतोय, त्यात ग, ण आणि श तिन्ही आहेत. तिच्यासाठी अक्रोडाच्या दोन पातळ फळ्या रेषे उभे-आडवे करून चिकटवल्या आणि क्लॅम्पमध्ये ठेवल्या आहेत. दोन शब्दांमधल्या जागेतून शिरोरेषा सलग नेणार आहे. पातं सात नंबरचं लागेल आणि वेग खालून दुसरा.